गाव हलवावे तरी कसे?

थोर कलावंताचे जन्मस्थान पाहावयास निघालेल्या रसिकाच्या मनात एक भाबडी, परंतु सर्वस्वी निराधार नसलेली श्रद्धा असते. ज्या आवाजाने आपले कान घडविले तो आवाज प्रथम ज्या अंगणात उमटला ते अंगण, ज्या देवळातील आरती त्याच्या कानी पडली ते देऊळ, आणि ज्या वाटेने ते पोर शाळेला किंवा नदीवर जात असेल ती वाट एकदा डोळ्यांखालून घातली म्हणजे त्या आवाजाचे रहस्य अंशतः तरी उकलेल, अशी त्याची समजूत असते. मग तो उन्हातान्हात आडवाटेच्या गावी पोहोचतो, पडक्या पडवीसमोर क्षणभर घुटमळतो आणि बहुधा काहीसा खट्टू होऊन परततो. दाराला कुलूप असते, भिंतीत एक संगमरवरी शिला बसविलेली असते, आणि तिच्यावर कलावंताच्या नावापेक्षा उद्घाटक मंत्र्याचे नाव अधिक ठळक कोरलेले असते. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांच्या गावी जाणाऱ्याच्या वाट्याला मात्र एवढीही निराशा येत नाही. कारण वर्षातील बहुतेक काळ तेथे गावच नसते.

गोव्याच्या सांगे तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत, जुवारीला जाऊन मिळणाऱ्या साळावली नदीच्या खोऱ्यात कुर्डी वसलेली होती. भातशेती, माडांच्या आणि काजूंच्या बागा, आंब्याफणसांची झाडे. हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान अशी मिश्र वस्ती. देवळे, एक कपेल आणि मशीद असा तिचा संसार होता. गोवा मुक्त झाल्यानंतर या नदीवर धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः गावात आले आणि या पाण्याने सारा दक्षिण गोवा सुखी होणार असल्यामुळे कुर्डीने हा त्याग करावा, असे त्यांनी ग्रामस्थांना समजावून सांगितले. ग्रामस्थांनी ते मानले. सुमारे ३००० माणसे वाडे आणि वालकिणी येथील नव्या वसाहतींत गेली, आणि १९८६ च्या सुमारास जलाशयाने गाव आपल्या पोटात घेतले. तेव्हापासून दर वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरते, वैशाखात गावाचा सांगाडा काही आठवडे उघडा पडतो आणि पहिल्या जोरदार पावसांबरोबर पुन्हा बुडतो.

मे महिन्यात तेथे उभे राहिले की प्रथम डोळ्यांत भरते ती भेगाळलेल्या राखाडी गाळाची विस्तीर्ण पसरण आणि तिच्यातून वर आलेले, साल गळून पडलेले झाडांचे काळे बुंधे. पायवाट जुनीच असते. तिच्या दोहों बाजूंस जांभ्या दगडाची जोती ओळीने दिसतात. भिंती बहुतेक ठिकाणी गुडघ्याच्या वर उरलेल्या नाहीत, पण घराची आखणी स्पष्ट वाचता येते: ही ओसरी, हे माजघर, ही मागची पडवी, आणि अंगणात कोपरे झिजलेले तुळशीवृंदावन. गाळात मातीच्या भांड्यांची खापरे, पाट्याचा तुकडा, कौलांचा चुरा मिसळलेला असतो. अशांपैकीच एक जोते मोगूबाईंच्या घराचे म्हणून दाखवितात. त्याच्यावर फलक नाही, कुंपण नाही, कोणा मंत्र्याचे नाव नाही. आणि शेजारच्या जोत्यांहून त्याला वेगळे ठरविणारी कोणतीही खूण त्या दगडांवर नाही. एका अर्थी हे योग्यच आहे. कारण मोगूबाईंचे बालपण समजून घ्यावयाचे, तर त्या एका जोत्याकडे पाहून भागण्यासारखे नाही. सारी वस्तीच पाहावी लागते, आणि वस्ती म्हणजे केवळ दगड नव्हेत.

१५ जुलै १९०४ रोजी जन्मलेल्या या मुलीचे कुर्डीतील वास्तव्य उण्यापुऱ्या दहा वर्षांचे. आई जयश्रीबाई स्वतः गळ्याने गोड होती आणि मुलीला गायिका करावयाचे, हा तिचा निर्धार होता. या निर्धारापोटी तिने १९१३ च्या सुमारास मुलीला जांबावलीस नेले आणि तेथील एका भ्रमंती करणाऱ्या हरिदासाच्या हाती तिचे प्राथमिक शिक्षण सोपविले. पुढे तिला चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत प्रवेश मिळाला. १९१४ साली आई निवर्तली. मृत्युशय्येवर तिने मुलीच्या गाण्यातच आपला जीव गुंतला असल्याचे सांगितले, अशी आठवण मोगूबाईंच्या चरित्रकथनात नेहमी येते. त्यानंतरचा प्रवास नाटक कंपन्यांचा आहे: ध्रुव-प्रल्हादाच्या बालभूमिका, मंडळीचे दिवाळे, सातारकर स्त्री संगीत मंडळी, चिंतोबुवा गुरवांकडील तालीम, आणि अखेर प्रकृतीच्या कारणाने सांगलीस मुक्काम असताना घडलेला तो योगायोग, की त्याच गावी उपचारांसाठी आलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या कानी या मुलीचा रियाज पडला आणि त्यांनी आपण होऊन तिला शिकविण्याचे मनावर घेतले. खाँसाहेब मुंबईस गेले, तेव्हा १९२२ साली मोगूबाईही त्यांच्या मागोमाग मुंबईस गेल्या. मग कधी आग्रा घराण्याच्या बुजुर्गांकडे, कधी खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे त्यांनी विद्या वेचली, आणि १९३४ साली खाँसाहेबांचा गंडा बांधला. पद्मभूषण १९७४ सालचे. देहावसान १० फेब्रुवारी २००१ चे, मुंबईत.

या हकिकतीवरून कोणी असे म्हणेल, की मग कुर्डीचे या गाण्यात काय आहे? स्वर सांगलीत आणि मुंबईत घडला, घराणे जयपूर-अत्रौलीचे, गुरू कोल्हापूर दरबारचे. गावाने दिले ते एक आडनाव. आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु दहा वर्षांच्या पोरीला हरिदासाकडे न्यावे, हा विचार आईला सुचला तो कशामुळे? हरिदास भेटावयाचा तर तो जांबावलीच्या दामोदराच्या देवळाच्या आवारात, हे तिला ठाऊक होते. गळा असलेल्या मुलीला कंपनीत स्थान मिळते, हेही तिला ठाऊक होते. आणि गाणे हे पोटाचे व प्रतिष्ठेचे साधन होऊ शकते, असे मानणाऱ्या समाजात ती वाढली होती. गोमंतकातील देवस्थानांशी संलग्न असलेल्या कलावंत मंडळींच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासातून उत्पन्न झालेले हे ज्ञान होते. मुलाच्या अंगी गाणे आहे, हे ओळखणारी माणसे आणि ओळखल्यावर त्याला कोठे न्यावे, हे सांगणारी माणसे, यांचाच समुच्चय म्हणजे कलावंताच्या बालपणीची वस्ती.

आणि येथे गोव्याच्या इतिहासातील एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, जी कुर्डीच्या प्रश्नाला अगदी निराळे वळण देते. ज्या देवळांच्या आश्रयाने गोमंतकाचे संगीत वाढले, त्यांपैकी कितीतरी देवळे स्वतःच विस्थापितांची आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टी-बार्देशातील देवळे जमीनदोस्त करण्याचा सपाटा लावला, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश १५६० साली रातोरात नदी ओलांडून अंत्रुज महालात प्रियोळला आला. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, आणि मडगावचा दामोदर जांबावलीला. तो सारा मुलूख, ज्याला पुढे नव्या काबिजादी म्हणू लागले, त्या वेळी पोर्तुगीजांच्या अंमलाबाहेर होता. देव परक्या गावी आले, परंतु तेथे ते एकटे राहिले नाहीत. कालांतराने त्यांच्याभोवती पुजारी, वाजंत्री, गाणारणी, दिवटे, माळी अशी सारी सेवेकऱ्यांची घरे वसली. नौबतीच्या वेळा ठरल्या, पालखीच्या वाटा ठरल्या. १७३९ साली मराठ्यांच्या पदरी असलेल्या रामचंद्र मल्हार सुखटणकरांच्या शिफारशीवरून पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानाला इनाम दिला. कवळे गावाचे इनामही शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीतले. दीनानाथ मंगेशकर २९ डिसेंबर १९०० रोजी जन्मले ते या मंगेशीत, आणि जितेंद्र अभिषेकीही मंगेशीचेच. जयपूर-अत्रौलीच्याच गायिका केसरबाईंचे केरी गाव याच अंत्रुजातले. त्यांचा भैरवीतला स्वर १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण ध्वनिमुद्रिकेतून पृथ्वीच्या पार गेला. मडगावकरांच्या दामोदराचा गुलालोत्सव आजही जांबावलीत होतो आणि त्याच्याबरोबर नाटके रंगतात.

अर्थात, स्थलांतराने संगीत मरतेच, असे मानण्याचे कारण नाही. खुद्द जयपूर-अत्रौली घराणे ज्या दोन गावांचे नाव मिरविते, तेथे नव्हे, तर कोल्हापुरात आणि मुंबईत बहरले, आणि त्याला लाभलेले दोन थोर स्त्रीकंठ केरी-कुर्डीतून आलेले होते. प्रश्न स्थलांतराचा नसून ते कसे केले, याचा आहे. सोळाव्या शतकात जे हलले ते मूर्तीइतकेच मूर्तीभोवतीचे कर्तव्य होते. आणि अठराव्या शतकात त्या कर्तव्याच्या निर्वाहाची कायमची तजवीज सनदेने करून देण्यात आली. इनाम म्हणजे झालेल्या हानीची भरपाई नव्हे. पुढे रोज करावयाच्या कामासाठी दिलेले ते उत्पन्न होते.

त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तिच्या पोटात जन्माने लादलेली सेवा होती, आणि त्या सेवेचा सर्वाधिक जाच गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला आला. ज्यांच्या कलेवर उत्सव उभे राहत, त्यांना पंगतीत बरोबरीचे स्थान नसे. मुंबईत नाव कमावल्यानंतरही मोगूबाईंना मैफलीच्या यजमानांकडून मिळालेली अवहेलना त्यांच्या कन्या किशोरीताई आमोणकर यांनी लहानपणी पाहिली, आणि पुढे कलावंताच्या मानासाठी त्या आयुष्यभर ज्या करारीपणाने वागल्या त्याचे मूळ त्या अनुभवांत होते, हे त्यांनीच वेळोवेळी सांगितले आहे. कलावंत समाजाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोमंतक मराठा समाज या नावाने संघटित होऊन ती जुनी शृंखला तोडली, ही गोव्याच्या सामाजिक इतिहासातील उज्ज्वल घटना होय. म्हणून जुने वतन जसेच्या तसे परत आणा, असे कोणीही सुबुद्ध मनुष्य म्हणणार नाही. परंतु शृंखला तुटली त्याबरोबर तजवीजही तुटली. आणि नव्या राज्यव्यवस्थेने तिच्या जागी काही उभे केले काय, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

कुर्डीच्या बाबतीत राज्यव्यवस्थेने काय हलविले, ते पाहू. गावातील प्राचीन महादेवाचे मंदिर पाण्याखाली जाणार, हे दिसताच पुरातत्त्व खात्याने ते उतरविले, एकेक दगड सुटा करून, त्याच्या जागेची नोंद ठेवून सुमारे १७ किलोमीटरांवर धरणाजवळ नेला आणि दशकभराच्या परिश्रमाने ते मंदिर पुन्हा उभे केले. जांभ्यात कोरलेली मातृदेवतेची प्रचंड मूर्ती वेर्ण्यास नेऊन ठेवण्यात आली. हे काम निःसंशय स्तुत्य आहे, आणि ज्या अधिकाऱ्यांनी व पाथरवटांनी ते केले, त्यांच्या चिकाटीला तोड नाही. पण माणसांच्या बाबतीत दफ्तर एवढे बारकाईचे झाले नाही. खातेदाराला जमिनीचा मोबदला, कुटुंबाला प्लॉट, झाडांची मोजदाद आणि घराचा पंचनामा, एवढ्यावर सरकारी जबाबदारीची यादी संपली. मंदिराच्या प्रत्येक दगडाला त्याचा शेजारी दगड परत मिळाला. कुर्डीच्या वाड्यांचा जुना शेजार मात्र वाडे आणि वालकिणी अशा दोन वसाहतींत विभागला गेला, आणि कोणते घर कोणत्या घराच्या आधाराने सणवार करीत होते, कोणाकडे ढोल होता आणि कोणाच्या तोंडी स्त्रियांच्या धालो नृत्याची गाणी होती, याची नोंद कोणत्याही मोजणीपत्रकात बसण्यासारखी नव्हती.

धरणच नको होते, असा याचा अर्थ काढू नये. दक्षिण गोव्याच्या मोठ्या भागाला आज नळाचे पाणी मिळते ते साळावलीचे. ते पाणी पिणाऱ्याने धरणाला शिव्या देणे कृतघ्नपणाचे होईल. जी माणसे घरे सोडून गेली, त्यांनीही पाण्याच्या गरजेविषयी हुज्जत घातली नाही. आपल्या वसाहतींत तेच पाणी सर्वांच्या आधी आणि पुरेसे पोहोचावयास हवे होते, एवढीच त्यांची जुनी तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. सार्वजनिक हितासाठी कोणाचे तरी गाव जावे लागते, हे महाराष्ट्रानेही कोयनेपासून उजनीपर्यंत पाहिले आहे. उजनीचे पाणी आटले की पळसदेवचे देऊळ वर येते, आणि पुण्या-सोलापूरचे हौशी लोक ते पाहावयास गर्दी करतात. बुडालेले गाव वर येणे हा आपल्याकडे हळूहळू एक तमाशा होऊ लागला आहे, आणि कुर्डीही त्याला अपवाद राहिलेली नाही.

या तमाशाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. मे महिन्यात मूळचे कुर्डीकर आपल्या सोमेश्वराच्या उत्सवासाठी परत येतात; ख्रिस्ती कुटुंबेही आपल्या कपेलीच्या फेस्तासाठी जमतात. पाण्याने अकरा महिने झाकलेल्या देवळाची साफसफाई होते, पूजा होते, जेवणावळ होते आणि ज्या जोत्यावर आपण जन्मलो, ते जोते आजोबा नातवंडांना दाखवितात. त्याच दिवशी त्याच जोत्यांवर चढून छायाचित्रे काढणारे, बाटल्या आणि वेष्टणे टाकून जाणारे परस्थ लोक पाहिले म्हणजे मन विटते. रसिक म्हणून आपण येथे येतो, ते पाहुणे म्हणून. आणि पाहुण्याने उत्सवाचा दिवस यजमानांसाठी सोडावा, एवढी मर्यादा पाळण्यासाठी सरकारी हुकुमाची गरज पडू नये. पण पडतच असेल, तर पंचायतीने तो खुशाल काढावा.

खरे काम निराळेच आहे, आणि ते कुर्डीच्या गाळात नव्हे, वाडे-वालकिणीच्या वसाहतींत करावयाचे आहे. मोगूबाईंच्या नावाने काही करावयाची इच्छा सरकारला झाली, तर ती पुतळा, चौकाचे नामकरण किंवा वर्षातून एकदा घालावयाचा मांडव, यांपैकी कोणत्या तरी रूपाने व्यक्त होण्याचा संभव मोठा आहे. कारण त्यांचे उद्घाटन करता येते. याऐवजी पहिली गोष्ट अशी करावी, की ज्यांनी कुर्डीत तरुणपण काढले, अशी जी माणसे हयात आहेत, त्यांच्याकडून देवळातील सेवेचा क्रम, शिगम्याचे खेळ, धालो-फुगड्यांची गाणी, कपेलीतील प्रार्थनागीते, मशिदीतील सणांच्या आठवणी, हे सारे ध्वनिमुद्रित करावे; मंदिर हलविताना प्रत्येक दगडाची नोंद ठेवणाऱ्या राज्याला हे अशक्य नाही, आणि त्या पिढीचे वय पाहता ते लांबणीवर टाकण्यासारखेही नाही. हा संग्रह पणजीच्या कपाटात न जाता वसाहतीतच राहावा, आणि त्याच्या वापराचा हक्क ज्यांचा आवाज त्यात आहे, त्यांच्या वारसांकडे असावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पणजीत कला अकादमीचे संगीत विद्यालय आहे, आणि ते आपल्या परीने चांगले काम करीत असते. परंतु सांगे तालुक्याच्या टोकाला राहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला ते चंद्राइतके दूर आहे. तिच्या वसाहतीत एक शिकविणारी बाई किंवा बुवा, एक चांगला तंबोरा, एक तबलजी आणि रोज संध्याकाळी उघडणारी एक खोली, एवढीच सामग्री हवी. मात्र तिची तरतूद दर वर्षी नव्याने मंजुरी मागावी लागणारी नसावी, तर जलाशयाच्या पाण्यापासून शासनाला जे उत्पन्न होते त्यातील एक अल्पसा अंश कायमचा तिच्या नावे लावून दिलेला असावा. जुन्या इनामातील जन्मसिद्ध बंधन टाकून देऊन त्यातील दूरदृष्टी तेवढी उचलावी, असे मी म्हणतो, ते या अर्थाने. शिकावयास कोणत्याही जातीची, कोणत्याही धर्माची मुले यावीत. ज्याला गळा नाही, त्याने तबला शिकावा. आणि ज्याला काहीच जमत नाही, त्याने निदान शेजारच्या पोरीला जमते आहे, हे ओळखावयास शिकावे, कारण वस्तीला तशाही माणसांची गरज असते.

कोणी म्हणेल, एवढ्याने दुसरी मोगूबाई निर्माण होईल काय? तशी हमी कोणी देऊ शकत नाही, आणि ती मागूही नये; मंगेशीला इनाम देणाऱ्या पेशव्यांनी दीनानाथांची हमी घेतली नव्हती. दीडशे-पावणेदोनशे वर्षे नौबत झडत राहिली, आरत्या होत राहिल्या, आणि त्या अव्याहत सामान्य व्यवहारातून एखाद्या पिढीत एक असामान्य गळा निघाला. शासनाचे काम त्या गळ्याची वाट पाहण्याचे नाही, तर व्यवहार अव्याहत चालू ठेवण्याचे आहे. आईच्या मृत्यूनंतर मोगूबाईंना विद्येसाठी गावोगाव हिंडावे लागले. त्यांच्या गावच्या आजच्या मुलीला पहिला षड्ज लावावयास वाडे सोडून जावे लागणार नाही, एवढी व्यवस्था ज्या दिवशी होईल, त्या दिवशी कुर्डी खऱ्या अर्थाने हलविली गेली, असे म्हणता येईल. मग ते जोते बारा महिने पाण्याखाली राहिले तरी हरकत नाही.